कोरी दिसणारी डिस्क

आशावादी : बाहेरची हार्ड डिस्क जोडावी आणि विंडोजने विचारावं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ या प्रश्नाने भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न दिसतो तितका भयंकर नाही. डिस्कवर काय आहे हे विंडोज इथे सांगतच नाही. आपल्याला काय वाचता आलं नाही, एवढंच सांगतं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये विभागांची नोंद असते. चार विभागांची मिळून ती फक्त ६४ बाइट्सची. पुढे प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला आणखी एक सेक्टर असतो. फाइल सिस्टिम कोणती, क्लस्टर केवढा, फायलींचं मुख्य कोष्टक कुठे सुरू होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. दोन टेराबाइटच्या डिस्कमधले हे एवढेसे बाइट्स बिघडले, की सगळी डिस्क विंडोजला कोरी वाटते. सातबारा गहाळ झाला म्हणून शेत गहाळ होत नाही. लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, अर्धवट लिहिलेली कादंबरी, सगळं जागच्या जागी असतं. हरवलेली असते ती नोंद, आणि नोंद पुन्हा उभी करता येते.

शंकेखोर : शेत जागचं हलत नाही, म्हणून तुमचा सातबारा पुन्हा निघतो. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते घासलं, की चुंबकीय थरच खरवडला जातो. मग नोंदही गेली आणि जमीनही गेली. माझा आक्षेप तुमच्या आशेला नाही, निदानाला आहे. घाईने केबल उपटली आणि एक सेक्टर अर्धवट लिहिला गेला, तर विंडोज हाच प्रश्न विचारतं. हेड थकलंय, पहिले काही सेक्टर धड वाचता येत नाहीत, तरीही पुष्कळदा हाच प्रश्न. केसिंगमधलं सर्किट बिघडलं तरी हाच. पडद्यावरचं वाक्य एक, त्यामागची कारणं अनेक, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात घातक. त्या अनेकांतलं सर्वांत सौम्य कारण गृहीत धरून तुम्ही हायसं वाटून घेताय.

आशावादी : सौम्य कारणं दुर्मीळ असती तर तुमचं ऐकलं असतं. डिस्क मॅकच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमने तयार झालेली असेल तर विंडोजला तिच्यातलं काही कळत नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमचंही तेच. व्हेराक्रिप्टने कुलूपबंद केलेला विभाग विंडोजला निव्वळ विस्कटलेले बाइट्स म्हणून दिसतो, आणि ते सरळ फॉरमॅटचा सल्ला देतं. डिस्क मात्र ठणठणीत असते. केसिंगचा एक प्रकार तर फारच फसवा. काही केसिंग संगणकाला ५१२ ऐवजी ४,०९६ बाइट्सचे सेक्टर दाखवतात. एमबीआरच्या नोंदीत दोन टेराबाइटच्या पुढची जागा मावत नाही, त्यावर काढलेली ही पळवाट. पुढे केसिंग बिघडलं म्हणून आतली डिस्क काढून थेट संगणकाला लावली, की सेक्टरांचे क्रमांक तेच राहतात, पण सेक्टरचा आकार बदलल्यामुळे प्रत्येक पत्ता चुकतो. डिस्क कोरी दिसते आणि आत एक बाइटही बिघडलेला नसतो. शिवाय या पद्धती रचणाऱ्यांनी असा प्रसंग येणार हे धरूनच ठेवलं होतं. एनटीएफएस विभागाच्या पहिल्या सेक्टरची प्रत विभागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. फॅट३२ मध्ये ती सहसा सहाव्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. नव्या जीपीटी पद्धतीत विभागांच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क या प्रती शोधून मूळ जागी बसवून देतं, आणि ते फुकट आहे.

शंकेखोर : ‘मूळ जागी बसवून देतं’ म्हणजे डिस्कवर लिहितं. भांडण नेमकं तिथे आहे. आजारी डिस्कवर लिहिणं हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकला तर मागे फिरता येत नाही. तुमच्या हातात टेस्टडिस्क शोभतं. घाबरलेल्या माणसाच्या हाताखाली ‘हो’चं बटण असतं. समजा त्याने फॉरमॅट मारला. खिडकीत ‘क्विक’वर खूण असेल तर नवं रिकामं कोष्टक लिहिलं जातं, आणि ते बहुधा जुन्या कोष्टकाच्याच जागेवर बसतं. म्हणजे जुन्या कोष्टकाच्या सुरुवातीच्या नोंदी तिथेच पुसल्या गेल्या. ती खूण कोणी काढली असेल तर गोष्टच संपली, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या विभागावर शून्यं लिहितो. डिस्क एसएसडी असेल तर ‘क्विक’ही पुरे. फॉरमॅट होताना ट्रिमची आज्ञा जाते, हा सगळा भाग रिकामा समज असं कंट्रोलरला सांगितलं जातं, आणि पुढे तिथे वाचायला गेलं तर सहसा शून्यंच मिळतात. दुसरा भाबडा उपाय विंडोजच्या चेकडिस्कचा. विभाग पूर्ण अनोळखी असेल तर ते काम करायला नकार देतं, हे नशीब. पण अर्धवट ओळखता आला तर ते कामाला लागतं, आणि त्याचं काम फाइल सिस्टिमची घडी बसवणं हे आहे. घडीत न बसणाऱ्या तुमच्या फायली ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये तुकड्यातुकड्यांनी टाकतं किंवा त्यांच्या नोंदी काढून टाकतं. त्याच्या दृष्टीने दुरुस्ती झालेली असते.

आशावादी : लिहिण्याबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी पूर्ण मान्य करतो. टेस्टडिस्कसुद्धा सांगितल्याशिवाय लिहीत नाही. नुसती फायलींची यादी दाखवून त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवूनही देतं. पण मी एक पाऊल पुढे जातो. बिघडलेल्या डिस्कवर काहीच करू नये, वाचायचे प्रयोगसुद्धा नकोत. आधी तिची सेक्टरगणिक प्रत काढावी आणि मग सगळे उद्योग त्या प्रतीवर करावेत. ग्नूचं डीडीरेस्क्यू याच कामासाठी आहे. साधी कॉपी खराब सेक्टरशी अडते आणि तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेला भाग ओलांडून पुढे जातं आणि शेवटी त्या अडलेल्या जागांकडे वळतं. कुठला भाग मिळाला आणि कुठला राहिला याची नोंद ते एका फायलीत ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबून पुन्हा सुरू करता येतं. घाई का करायची, तेही सांगतो. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचनचूक आढळल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. म्हणजे दुरुस्तीचा दुकानदार मोकळा होईपर्यंत डिस्क रोज चालू करून ‘आज उघडते का बघू’ म्हणणाऱ्यापेक्षा पहिल्याच दिवशी प्रत काढणारा शहाणा.

शंकेखोर : त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगा. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांतल्या चार सर्वांत बोलक्या नोंदींपैकी एकीतही आधी काही दिसलं नव्हतं. स्मार्ट नोंद वाईट असेल तर डिस्क वाईट. पण नोंद स्वच्छ आहे म्हणून डिस्क चांगली, असं म्हणता येत नाही. इथे तुमची सगळी मांडणी अडते. डिस्क धडधाकट आहे आणि फक्त नोंद बिघडलीय, की यंत्रच मरायला टेकलंय, हे ओळखायचं कसं? वाचून. आणि यंत्र मरायला टेकलं असेल तर वाचणं हाच त्याच्यावरचा सर्वांत मोठा ताण. दोन टेराबाइट पूर्ण वाचायला धडधाकट डिस्कलाही कित्येक तास लागतात. आजारी डिस्क दिवसच्या दिवस घेते. सैल झालेलं हेड एवढा वेळ तबकडीवर फिरवणं म्हणजे जे वाचवायचं तेच पणाला लावणं. प्रयोगशाळेत धूळमुक्त खोलीत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवतात आणि मग वाचतात. घरी चार दिवस खरवडून झाल्यावर तिथे नेलेल्या डिस्कमध्ये हेड बदलूनही उपयोग होईल, याची खात्री राहत नाही.

आशावादी : डिस्क टकटक आवाज करत असेल, फिरतच नसेल, पडलेली किंवा भिजलेली असेल, तर लगेच वीज काढावी, यात आपलं दुमत नाही. पण तुमच्या युक्तिवादाच्या टोकाला गेलं तर कोणीच कशाला हात लावू नये. चुंबकीय नोंद किती चिवट असते ते पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतताना आकाशात फुटलं. त्यातली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी एका आटलेल्या तळ्यात सापडली, जळालेली, धातूचा ओबडधोबड गोळा वाटावा अशी. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्या तबकड्या साफ करून नव्या यंत्रणेत बसवल्या आणि जवळजवळ सगळा डेटा काढला. तिच्यात नोंदलेला झेनॉन वायूच्या प्रवाहीपणावरचा प्रयोग २००८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये छापून आला. अवकाशातून कोसळलेल्या डिस्कवरून विज्ञान परत मिळतं, आणि टेबलावरच्या डिस्कला विंडोज ओळखत नाही एवढ्यावरून आपण सुतक पाळायचं?

शंकेखोर : ही गोष्ट रिकव्हरीवाल्या प्रत्येकाला पाठ असते आणि नेहमी अर्धीच सांगितली जाते. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्क त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांतून काहीच निघालं नाही. जी वाचली ती का वाचली, हेही पाहा. तो संगणक डॉसवर चालत होता, डिस्क पूर्ण भरलेली नव्हती आणि डेटा एका बाजूला सलग लिहिला गेला होता. जळालेला भाग रिकाम्या बाजूला निघाला. तुमच्या-माझ्या डिस्कवर वर्षानुवर्षं लिहून, पुसून, पुन्हा लिहून एकेक फाइल ठिकठिकाणी विखुरलेली असते. तुमच्या उदाहरणातून चिवटपणा सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच, की डेटा वाचणं हे आपल्याला आधी न कळणाऱ्या मांडणीवर अवलंबून असतं. आणि ‘मिळालं’ या शब्दाबद्दलही मला शंका आहे. नक्की काय मिळालं की मिळालं म्हणायचं?

आशावादी : फाइल उघडली म्हणजे मिळाली.

शंकेखोर : एका डीटीपीच्या कार्यालयाची कल्पना करा; पुण्या-मुंबईत अशी शेकड्यांनी होती, आजही आहेत. वीस वर्षांचे दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकं, सगळं पेजमेकरमध्ये जुळवलेलं, अक्षरं श्रीलिपीची. डिस्क कोरी दिसू लागली, फायलींचं कोष्टकच वाचता येईना, म्हणून फोटोरेकने चाळणी लावली. फोटोरेक कोष्टकाकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फायलीच्या सुरुवातीला जे ठरावीक बाइट्स असतात त्यांवरून सुरुवात ओळखतं आणि तिथून पुढचा भाग उचलतं. परिणाम असा, की फायली मिळतात, नावं मिळत नाहीत. ‘अंतिम’, ‘दुसरं प्रूफ’, ‘लेखकाच्या दुरुस्त्यांसह’ ही नावं गेली, फोल्डर गेले, आणि त्यांच्या जागी एफ अक्षर आणि लांबलचक आकडा असलेल्या हजारो फायली आल्या. पेजमेकर चित्रं फायलीच्या मार्गाने जोडतं, ते मार्गही तुटले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, ती चालवायला जुनं मशीन शोधा. फॉन्ट नसेल तर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतो, कारण त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली होती. एवढं सगळं ओलांडून फाइल उघडली, तरी हीच छापायला गेलेली प्रत होती का, हे कोण सांगणार? बाइट्स परत आले, पण त्या फायलींचा माग कुठे आला? तुमच्या शेताचंच बोलायचं तर जमीन सापडली, पण कुठला बांध कोणाचा, याचा पुरावा नाही.

आशावादी : म्हणून तर क्रम महत्त्वाचा. फोटोरेक शेवटचं हत्यार आहे, पहिलं नव्हे. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फायलीची नोंद सहसा १,०२४ बाइट्सची असते, आणि तीत फायलीचं नाव, ती कुठल्या फोल्डरमधली, कधी बदलली, तिचा मजकूर डिस्कवर कुठे कुठे आहे, हे सगळं असतं. फाइल अगदी छोटी असेल तर तिचा मजकूरसुद्धा त्या नोंदीतच मावतो. विभागाचा पहिला सेक्टर गेला तरी या नोंदी शाबूत असू शकतात. सगळी प्रत चाळून त्या एकेक गोळा करता येतात आणि त्यांवरून फोल्डरांचं झाड पुन्हा उभं राहतं. म्हणजे आधी विभागाची नोंद, ती नसेल तर फायलींच्या नोंदी, आणि त्याही नसतील तरच चाळणी. चाळणीतून आलेल्या फोटोंतही एक्झिफ नावाच्या नोंदीत तारीख आणि कॅमेरा असतो. नाव गेलं तरी दिवस राहतो, आणि घरच्या अल्बमला तेवढं पुष्कळदा पुरतं. श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. तुमच्या कार्यालयातल्या माणसाला विचारा : माग नसलेले वीस अंक हवेत, की काहीच नको?

शंकेखोर : तो वीस अंकच मागेल. पण लग्नाची चित्रफीत काढणाऱ्याला विचाराल तर उत्तर वेगळं येईल. अनेक कॅमेरे एमपी४ फाइल लिहिताना चौकटी कुठे आहेत याची सूची चित्रीकरण संपल्यावर लिहितात, म्हणजे फायलीच्या शेवटी. चाळणीला सुरुवात सापडते. फाइल विखुरलेली असेल तर शेपूट सापडत नाही, आणि शेपटाशिवाय तासाभराची चित्रफीत सुरूच होत नाही. आकार बरोबर, आयकॉन बरोबर, आणि उघडली की काहीच नाही. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने मात्र तिची गणना ‘मिळालेल्या’त केलेली असते. ग्राहकाला तो आकडा दाखवून पैसे घेतले जातात.

आशावादी : पैशाचं तुम्हीच काढलंत, तर ऐका. स्वतः करा असा माझा आग्रह फक्त बचतीसाठी नाही. डिस्क दुकानात दिली म्हणजे घरच्यांचे फोटो, बँकेची कागदपत्रं, आधारच्या प्रती, पेशंटचे रिपोर्ट, सगळं परक्याच्या हाती दिलं. सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी २००३ साली १५८ वापरलेल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२९ चालत होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे क्रमांक, खासगी पत्रं, वैद्यकीय नोंदी असा ऐवज होता. एक डिस्क तर एटीएममधली असावी असं दिसत होतं. फॉरमॅट मारला म्हणजे पुसलं, अशीच विकणाऱ्यांतल्या अनेकांची समजूत असणार. जे शोधणाऱ्याला इतकं सहज मिळतं ते मालकाला का मिळू नये? आणि मालकानेच ते काढणं हे सर्वांत सुरक्षित नाही का?

शंकेखोर : हा अभ्यास तुमच्या बाजूचा आहे तितकाच माझ्याही. जी गोष्ट तुम्हाला वरदान वाटते तीच विकलेल्या डिस्कवर संकट ठरते. म्हणून आज जाणकार सांगतात, डिस्क एन्क्रिप्ट करा, चोरीला गेली तरी चोराच्या हाती काही लागणार नाही. पण मग कोरी दिसणारी डिस्क पुन्हा उघडणं किती अवघड होतं तेही बघा. व्हेराक्रिप्टच्या विभागाचं शीर्षक आणि शेवटाकडची त्याची प्रत, दोन्ही गेली आणि वेगळी जपलेली प्रत नसेल, तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी. विंडोजच्या बिटलॉकरचा पासवर्ड विसरला आणि ४८ अंकी रिकव्हरी की सापडत नसेल तर मालकही बाहेरच. काही तयार डिस्कच्या केसिंगमधली चिपच सगळं कूटबद्ध करते. मालकाला ते ठाऊकही नसतं. केसिंग जळलं, डिस्क दुसरीकडे लावली, की आत फक्त गोंधळ. फोटोरेकला तिथे एकाही फोटोची सुरुवात सापडणार नाही. परक्यापासून जितकं झाकाल तितकं स्वतःलाही परत मिळवणं अवघड. तुम्ही दोन्ही बाजूंनी एकदम उभे राहताय.

आशावादी : दोन्ही हवं असेल तर त्याचं उत्तर सोपं आहे : एन्क्रिप्शनही आणि दुसरी प्रतही.

शंकेखोर : आता तुम्ही माझं वाक्य बोललात. रिकव्हरीवरची श्रद्धा माणसाला बॅकअपपासून दूर नेते. ‘काढता येतं हो सगळं’ हे ऐकलेला माणूस दुसरी डिस्क घेत नाही.

आशावादी : आणि ज्याची डिस्क आज कोरी दिसतेय त्याला ‘बॅकअप का नाही घेतला’ विचारून काय मिळतं? चूक कळलेल्या माणसाला चूक सांगण्यात मला रस नाही. शिवाय हा उपदेश खिसा पाहून करा. दोन टेराबाइटची प्रत काढायला निदान तेवढीच दुसरी डिस्क लागते. जिल्ह्याच्या गावातला फोटोग्राफर दोन हंगामांची कामं एकाच डिस्कवर ठेवतो, त्यामागे दरवेळी आळस नसतो. प्रयोगशाळेचं बिल त्याच्या कमाईच्या बाहेर. तुमचा नियम, ‘शंका असेल तर हात लावू नका, तज्ज्ञाकडे न्या’, हा ज्याला तज्ज्ञ परवडतो त्याच्यासाठी आहे. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी हात न लावणं आणि डेटा गेला असं मानणं, यात फरक काय?

शंकेखोर : हा मुद्दा मला टाळता येत नाही. मग प्रश्न असा मांडू : ज्याला प्रयोगशाळा परवडणार नाही त्याने घरीच प्रत काढावी, ठीक. प्रत काढता काढता साठ टक्क्यांवर वेग कोसळला, खराब सेक्टर वाढू लागले. थांबायचं की पुढे जायचं? थांबलात तर पुढेमागे पैसे जमून प्रयोगशाळेत नेता येईल. जमले नाहीत तर डिस्क कपाटात पडून राहील. पुढे गेलात तर कदाचित बाकीचे चाळीस मिळतील, कदाचित हेड बसेल आणि प्रयोगशाळेचा रस्ताही बंद होईल. त्यात टक्केवारी फसवी. डीडीरेस्क्यू जे टक्के दाखवतं ते सेक्टरांचे, फायलींचे नव्हेत. राहिलेला एक टक्का रिकाम्या जागेतला असेल तर काहीच गेलं नाही. तोच फायलींच्या कोष्टकातला असेल तर हजारो नावं आणि पत्ते गेले.

आशावादी : त्यावर उपाय आहे. आधी कोष्टक उतरवायचं, त्यावरून वापरात असलेला भाग ओळखायचा आणि फक्त तेवढाच वाचायचा. जो फोल्डर सर्वांत मोलाचा तो आधी. मरणाऱ्या डिस्ककडून सगळं मागायचं नाही.

शंकेखोर : उत्तम उपाय, पण कोष्टक वाचता येणाऱ्या डिस्कसाठी. आपण बोलतोय त्या डिस्कचं दुखणंच हे, की कोष्टकापर्यंत पोचता येत नाही. कोष्टक नुसतं सापडत नसेल तर तुमचा उपाय चालेल. ते असलेली जागाच मेली असेल तर तुम्ही सर्वांत मोडक्या जागेवर सर्वांत आधी हेड घासाल. या दोहोंपैकी काय झालंय, हे पुन्हा वाचल्याशिवाय कळणार नाही.

आशावादी : पटलं. म्हणजे ‘फायली आहेत की नाहीत’ हा प्रश्न आपण चुकीचाच धरला होता. फायली बहुतेक वेळा असतात. खरा प्रश्न असा, की ही डिस्क आणखी किती वाचू देईल हे ठाऊक नसताना पहिलं वाचन कशावर खर्च करायचं : निदानावर, कोष्टकावर, की मिळेल तिथून मिळेल ते उचलण्यावर. मी अजूनही म्हणतो, तो निर्णय मालकाचा. ऐवज त्याचा आहे. कुठल्या फोटोसाठी बाकीचं घालवायची तयारी आहे हे दुसरं कोणी ठरवू शकत नाही.

शंकेखोर : मालकाला विचारलंत तर तो म्हणेल, ‘सगळंच हवंय.’ त्याला दोष नाही. काय जास्त मोलाचं हे त्याने डिस्क चालत होती तेव्हाही ठरवलेलं नसतं. म्हणून तर सगळं एकाच जागी असतं. मग ते ठरवतं कोण? बहुधा ज्याच्या हातात डिस्क आहे तो, म्हणजे दुकानदार, प्रयोगशाळा किंवा तुमच्यासारखा उत्साही शेजारी. तिघांनाही पुढे जाण्यात काहीतरी मिळतं, कोणाला पैसे, कोणाला आनंद. ‘आता थांबा, एवढं पुरे’ म्हणण्यात कोणाचाच फायदा नाही.

आशावादी : आणि तुमच्यासारखा शंकेखोर पहिल्या सेक्टरलाच ‘थांबा’ म्हणतो, कारण न वाचण्याचा दोष त्याच्या नावावर कधीच येत नाही. वाचताना गेलेली डिस्क सगळ्यांना दिसते. भीतीपोटी न वाचता फेकलेल्या डिस्कमध्ये काय होतं, हे कोणीही मोजत नाही. तुमची खबरदारी स्वस्त नाही, तिचं बिल फक्त कोणाच्या हातात पडत नाही.

शंकेखोर : कबूल, माझ्याही नियमाने फायली जातात. मग दोघांच्याही नियमांतला तोटा मालकाला आधीच सांगायला हवा, काही जोडण्यापूर्वी : अमुक केलं तर हे जाऊ शकतं, नाही केलं तर ते. अडचण एवढीच, की त्या दोन्ही वाक्यांत घालायला आपल्याकडे खात्रीचा आकडा नाही, आणि आकड्याशिवाय दिलेल्या संमतीला मी संमती म्हणू की नाही, ते मला ठरवता येत नाही.

आशावादी : मी म्हणेन. कारण आकड्याची वाट पाहायची तर तो आकडा त्याच डिस्कवरून वाचावा लागेल.